सिग्नलवर गाडी थरथरून राहिली, काय करू?

सी-३०२:
कोणाला गाडीतलं कळते का ग्रुपवर? माझी गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरून राहिली, काल राहाटे कॉलनी चौकात तर बंदच पडते की काय असं वाटलं, आरपीएमचा काटा ६०० ते १००० मधे नाचते, एसी लावला की अजूनच. चालवताना काही नाही, वर्धा रोडच्या फ्लायओव्हरवर मस्त पळते. पेट्रोल आहे, चार सिलिंडर, २०१६ ची. चेक इंजिनचा लाइट पण लागला. गॅरेजवाला म्हणते इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी अन् नवे प्लग, सगळं मिळून साडेसहा हजार. प्लग तर दिवाळीतच बदलले ना

ए-१०१ काका:
इथेनॉल. २० टक्के मिसळून राहिले, जुन्या गाड्यांची पार वाट लागली.

बी-२०४:
माझ्या गाडीचं इंजिन माउंटिंग निघालं होतं. रबर बसलं होतं पूर्ण

सेक्रेटरी काका:
उद्या टाकी साफ होणार आहे. ११ ते ३ पाणी बंद. सर्वांनी भरून ठेवावे.

डी-४०३ भाऊ:
पॅकेज राहू द्या जरा बाजूला. आधी हे सांगजा, सकाळी थंडी गाडी जास्त थरथरते का गरम झाल्यावर? लाइट नुसता लागून आहे का लुकलुक करते? ब्रेकचं पॅडल कडक लागते का? अन् बॉनेट उघडून कान दिला तर फुस्स असा आवाज येते का?

सी-३०२:
दोन्ही वेळा थरथरते, सकाळी जरा जास्त. लाइट लागूनच आहे, लुकलुक नाही. ब्रेक ठीक आहे. आवाजाचं पाहिलं नाही, फॅनच्या आवाजात कळत पण नाही

डी-४०३ भाऊ:
लुकलुक नाही हे बरं आहे. लुकलुक करत असता तर गाडी चालवूच नका म्हटलं असतं, त्यात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाते अन् कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जळते, मग तो खर्च या पॅकेजच्या कितीतरी वर जाते.
माउंटिंगचं म्हणाल तर त्यात सीट, स्टीअरिंग थरथरते पण काटा जागेवर राहते. इथे काटाच नाचून राहिला म्हणजे आतलं जळण बिघडलं. माउंटिंग नंतर पाहू.

बी-२०४:
मग कॉइल असेल. चालू गाडीत एकेक कॉइल काढून पाहायची, जी काढल्यावर फरक पडत नाही ती खराब. यूट्यूबवर आहे

डी-४०३ भाऊ:
चालू गाडीत कॉइलला हात लावू नका बापा, तिथे हजारो व्होल्ट असते. गाडी बंद करून दोन सिलिंडरच्या कॉइल एकमेकींत बदलायच्या अन् कोड पाहायचा. आधी पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा होता अन् बदलल्यावर पी०३०३ म्हणजे तिसऱ्याचा आला तर दोष कॉइलसोबत गेला, म्हणजे कॉइल खराब. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन पाहायचं. पण कोड काय आहे हेच आपल्याला माहीत नाही. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला होता का?

सी-३०२:
नाही लावला. आवाज ऐकूनच म्हणाला कचरा आहे

ए-३०३ ताई:
माझ्याकडे ओबीडीचं ब्लूटूथवालं आहे, गाडीचे कोड वाचायचं, स्टीअरिंगच्या खाली लागते. संध्याकाळी ७ नंतर देते. फक्त बेसमेंटमधे गाडी चालू ठेवून बसू नका प्लीज, धूर कोंडते अन् कार्बन मोनॉक्साइडचा वास पण येत नाही. गेटजवळ मोकळ्यात लावा.

सेक्रेटरी काका:
गेटजवळ लावा पण ॲम्ब्युलन्सची जागा सोडून.

सी-३०२:
ताईंनी लावून दिलं. एकच कोड आहे, पी०१७१, सिस्टिम टू लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. भाऊ, फ्युएल ट्रिम म्हणून काहीतरी आहे तेही पाहून घेतलं, गरम गाडी, आयडलला म्हणजे नुसती उभी चालू असताना लाँग टर्म +१९ दाखवते. ताई म्हणाल्या २५०० आरपीएमवर धरून ठेव, तर थोड्या वेळाने +४ वर आलं

डी-४०३ भाऊ:
वा ताई, अर्धं काम करून दिलं तुम्ही. आता समजून घ्या, मोठं लिहून राहिलो.
+१९ म्हणजे कॉम्प्युटर म्हणून राहिला की हिशोबापेक्षा १९ टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागते, तेव्हा कुठे मिश्रण बरोबर होते. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरून राहिली. तुमच्या मॉडेलला एअर फिल्टरच्या पुढे मास एअर फ्लो सेन्सर आहे, तो आलेली हवा मोजते, पण त्याच्या पुढच्या पाइपाला चीर असली तर तिथली हवा त्याला दिसत नाही. आयडलला इंजिन हवा घेतेच थोडी, म्हणून चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा होते अन् काटा नाचते. २५०० वर इंजिन भरपूर हवा ओढते, तिथे तेवढीच चीर काही जाणवत नाही. म्हणून फ्लायओव्हरवर मस्त पळते अन् सिग्नलवर रडते.
काका, इथेनॉलमुळे पेट्रोल थोडं जास्त लागते हे खरं आहे, पण ते असतं तर २५०० वर पण ट्रिम तेवढाच चढलेला दिसला असता. फ्युएल पंप कमजोर असता तर उलटं, जोर दिल्यावर वाढला असता. हे दोघेही सुटले.
अन् ज्या गाड्यांत हा सेन्सर नाही, नुसता मॅप सेन्सर आहे, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा, तिथे हे गणित लावू नका, त्यांत चीर पडली तर बरेचदा आयडलच चढून बसते.

ए-१०१ काका:
ठीक आहे. पण ॲव्हरेज तर कमी झालंच आहे.

डी-४०३ भाऊ:
हाव काका, ते झालं आहे

बी-२०४:
मग कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून पाहा, जिथे आरपीएम बदलते तिथे लीक

डी-४०३ भाऊ:
गरम इंजिनवर तो मारू नका, एक्झॉस्टवर पडला तर भडकते. गाडी थंडी असताना बोटाने एकेक रबरी पाइप वाकवून पाहा. आधी पीसीव्हीचा पाइप, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारा, वरच्या कव्हरमधून निघून इनटेक मॅनिफोल्डमधे (सिलिंडरला हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जाते तो. आतून ऑइलची वाफ अन् वरून नागपूरचा मे महिना, ४५ च्या वर, रबर किती दिवस टिकणार. मग ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, मग मॅनिफोल्डचं गॅस्केट.

सी-३०२:
सापडलं!! पीसीव्हीच्या पाइपाच्या वळणावर, एकदम खालच्या बाजूला, वरून दिसतच नाही, मोबाइल उलटा खाली धरून फोटो काढला तेव्हा दिसलं. बोटाएवढी चीर, कडेला काळं तेलकट. गाडी चालू करून बाबांनी आत काटा पाहिला अन् मी बाहेरून तेवढंच वळण दाबून धरलं, फुस्स आवाज थांबला अन् काटा ७५० वर येऊन बसला. सोडलं की परत नाचते

बी-२०४:
उंदरांनी तर नाही कुरतडलं? बेसमेंटमधे खूप झाले आहेत

डी-४०३ भाऊ:
फोटो पाहिला. उंदराचे दात असते तर कडा खरखरीत अन् तुकडा गेलेला असता. हे रबर कडक होऊन तडकलं आहे.

बी-२०४:
एम-सील लावून चालेल का तोपर्यंत

डी-४०३ भाऊ:
नाही, ऑइल असते तिथे, धरत नाही. निघून आत ओढल्या गेलं तर अजून ताप. पाइप नवाच घ्या, जुना सोबत न्या, वळण जुळवून पाहा, सरळ पाइप वाकवून बसवून देतील तो काही दिवसांत परत चपटा होते. बसवल्यावर कोड मिटवा अन् गाडी थोडी फिरवा, ट्रिम हळूहळू खाली येते. ±५ मधे आला म्हणजे झालं.

सी-३०२:
पाइप अन् दोन क्लिपा मिळून साडेचारशेला पडलं, बसवलं घरीच. गाडी दोनदा हिंगण्याला नेऊन आणली, आता आयडलला +३ आहे, एसी लावून पण काटा हलत नाही. गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं तर म्हणते थ्रॉटल बॉडी तरी करून घ्या

डी-४०३ भाऊ:
थ्रॉटल कधीतरी साफ करावीच लागते, त्यात खोटं नाही, पण करताना फुलपाखरू, म्हणजे आतली हवेची गोल झडप, बोटाने ढकलू देऊ नका अन् नंतर आयडल परत शिकवून घ्या स्कॅनरवर. आता गरज नाही. ब्रेक बूस्टरचा पाइप पाहिला का?

सी-३०२:
पाहिला. टोकाशी बारीक तडे आहेत, अजून आरपार नाही. तो पण ऑर्डर करून टाकला. ताई, तुमचं ओबीडी आईजवळ देऊन ठेवलं आहे, सोबत डबा आहे संत्रा बर्फीचा