हाडांच्या ठिसूळपणासाठीचे डेनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन चालू असताना दाढ काढावी लागणार आहे: अनुभव हवे आहेत

नमस्कार. माझे वय ६६ असून मी साताऱ्यात राहते. पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षीच गेली होती, पण हाडांची तपासणी करून घ्यावी असे तेव्हा ना मला सुचले, ना कोणी सुचवले. २०२३ च्या उन्हाळ्यात अंगणातली पाण्याची बादली उचलताना पाठीत एकदम कळ आली. उसण भरली असे समजून मी तीन आठवडे तेल लावून शेकत राहिले. शेवटी एक्स-रे काढला, तेव्हा पाठीचा बारावा मणका दबलेला निघाला. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे ३.४ आणि खुब्याचा उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली आकडा असला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होणे, म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

सुरुवातीला हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी दिली होती. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नसते. मी सगळे नियम पाळले, तरी जुन्या आम्लपित्तामुळे छातीत इतकी जळजळ होऊ लागली की दोन महिन्यांत ती थांबवावी लागली. त्यानंतर सप्टेंबर २०२३ पासून डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन सुरू झाले. ते दर सहा महिन्यांनी दंडात, कातडीखाली देतात. ते थंड ठेवावे लागत असल्याने औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीसह थर्माकोलच्या डब्यात घेऊन थेट दवाखान्यात जाते. टोचताना काहीच वाटत नाही. दुसऱ्या इंजेक्शननंतर मात्र आठवडाभराने ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा रक्तातले कॅल्शियम खाली गेलेले आढळले. ड जीवनसत्त्व आधीच कमी होते आणि मी कॅल्शियमच्या गोळ्या अधूनमधून विसरत होते. आता प्रत्येक इंजेक्शनपूर्वी दोन्ही तपासून घेते. ज्या मैत्रिणी हे इंजेक्शन घेत असतील, त्यांनी एवढे तरी चुकवू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

चौथे इंजेक्शन १२ मार्चला झाले. त्यानंतर मे महिन्यात उजवीकडची खालची दाढ दुखू लागली. मुळाशी पू झाला आहे आणि ती वाचण्यासारखी नाही, असे दातांच्या डॉक्टरांनी सांगितले. औषधांची यादी पाहिल्यावर मात्र ते थांबले. या औषधामुळे दाढ काढल्यानंतर क्वचित जखम भरत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडते, म्हणून आधी इंजेक्शन वर्षभर बंद करा आणि मग या, असे त्यांचे म्हणणे पडले.

हाडांच्या डॉक्टरांना हे अजिबात मान्य नाही, आणि त्यांनी समजावून सांगितलेले कारण मला पटले. अलेन्ड्रोनेट किंवा त्याच गटातले, सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड हाडात मुरून राहते आणि थांबवल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकतो. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना अडवून धरते, आणि त्याचा जोर ओसरला की त्या अडलेल्या पेशी एकदमच कामाला लागतात. मग हाडांची कमावलेली घनता भराभर जाते आणि काही स्त्रियांचे एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. ज्यांचा मणका आधी दबला आहे त्यांना हा धोका अधिक, म्हणजे मी त्यातच आले. इंजेक्शन ठरल्या तारखेपेक्षा महिनाभराहून अधिक लांबू द्यायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे. जबड्याचा त्रास मुख्यतः हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांत दिसतो, कारण त्यांना हेच औषध दर चार आठवड्यांनी १२० मिलिग्रॅम देतात. आमच्या मात्रेत तो फार विरळ आहे, असेही ते म्हणाले.

माझ्या नणंदेचे टेरिपॅराटाइड चालू आहे. ती रोज पेनाने स्वतःच पोटावर २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन टोचून घेते, एक पेन २८ दिवस पुरते, आणि पायात गोळे येतात एवढीच तिची तक्रार आहे. तूही हेच घे, म्हणजे दाताची भीती नको, असे तिला मनापासून वाटते. परंतु ते नवे हाड तयार करणारे औषध असले, तरी डेनोसुमॅबनंतर लगेच त्यावर गेल्यास खुब्याची घनता उलट घटते, म्हणून हा क्रम माझ्यासाठी योग्य नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

आपल्यापैकी कोणाची, किंवा आपल्या आईची वा सासूबाईंची, डेनोसुमॅब चालू असताना दाढ काढली आहे का? शेवटच्या इंजेक्शननंतर कितव्या महिन्यात काढली, जखम भरायला किती दिवस लागले, आणि पुढचे इंजेक्शन वेळेवर घेता आले का, हे कृपया लिहावे. कोणी मध्येच इंजेक्शन बंद केले असल्यास पुढे काय झाले, तेही संकोच न करता सांगावे. हे सारे मी डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरणार नाही. दोन डॉक्टर दोन दिशांना बोलतात तेव्हा नेमके काय विचारायचे हे कळावे, एवढ्यासाठीच हवे आहे.

भर, २८ जून: सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, हा आपल्यापैकी अनेकांचा सल्ला मी मानला आणि काल त्यांचे फोनवर बोलणे झाले. इंजेक्शन बंद करायचे नाही, असे ठरले. मार्चच्या मात्रेला चार महिने होतात तेव्हा, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मुखशल्यचिकित्सक दाढ काढतील. तोपर्यंत पू आटोक्यात ठेवण्यासाठी प्रतिजैविके चालू केली आहेत. जखम भरायला साधारण आठ आठवडे हाताशी राहतात आणि १२ सप्टेंबरची तारीख सांभाळता येते.

एक प्रश्न अजून उरला आहे. पुढे कधी डेनोसुमॅब थांबवायचे झाल्यास शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचे ५ मिलिग्रॅमचे सलाईन घ्यावे लागेल, असे सांगितले आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते असे ऐकते. ज्यांनी डेनोसुमॅबनंतर ते घेतले आहे, त्यांची वर्षभरानंतरची घनता टिकली का, एकच सलाईन पुरले की पुन्हा घ्यावे लागले, हे सांगू शकाल का?