शाळा व्यवस्थापन समितीने वर्गणी काढायची की हक्काचा निधी मागायचा?

माळरान
परवा आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार निखळलंय, टाकीत पाणी चढत नाही, दोन वर्गांचे पत्रे गळतात. थोडी चर्चा झाली आणि घरटी पाचशे रुपये काढायचं ठरलं. माझा याला विरोध आहे. बैठकीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे या चर्चेत सविस्तर लिहितो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख करणं ही समितीची कामं. वर्गणी काढणं त्यात कुठेही नाही. पुढचं कलम २२ तर प्रत्येक पालकाने वाचायला हवं. समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया असेल, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे काय होतं? मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा आराखडा समोर ठेवून नवा भरतात, सदस्य सह्या करतात, कागद फाइलला लागतो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं, तेही पटावर, म्हणजे विद्यार्थीसंख्येवर. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. आमचा पट चाळिशीत. म्हणजे वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, डागडुजी या सगळ्याला महिन्याचे दोन हजार आणि काही रुपये. यात पत्रे बदलता येत नाहीत, म्हणून वर्गणी. आणि वर्गणीतून पत्रे बदलले की वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने शाळेची काही गरजच उरत नाही. गरज आम्हीच आमच्या खिशातून पुसून टाकतो.

तालुक्यातल्या सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांनी एकत्र यावं आणि जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक ठरण्याआधी आपापल्या शाळेची मागणी लेखी द्यावी, असं मला वाटतं. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा असं १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सांगितलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तेच पुन्हा लिहिलं. मधल्या काळात पालकांनी संघटितपणे हे किती वेळा मागितलं?

गावकी
दादा, कायदा बरोबर आहे, पण माझी मुलगी आत्ता तिसरीत आहे. तुमची मागणी जाणार, तिला उत्तर येणार, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निविदा. तोवर ती हायस्कुलात जाईल. पावसाळा काही निविदेसाठी थांबत नाही.

आमच्या गावात यात्रेच्या पंचकमिटीने एका वर्षी करमणुकीचा खर्च कमी करून शाळेला पैसे दिले. कंपाउंड झालं, हँडवॉश स्टेशन झालं. त्या दिवसापासून गावातलं पोर भिंतीवर रेघ ओढत नाही, कारण भिंत आपल्या पैशाची आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत गावकऱ्यांनी शाळेला जमीन दिली, तेव्हा ती शाळा उभी राहिली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला, तोही लोकसहभागाच्या बळावर. तिथले लोक अर्ज करत बसले असते तर?

माळरान
वाबळेवाडी आणि जालिंदरनगर, दोन्ही पुणे जिल्ह्यात. आजूबाजूला कारखाने, जमिनीला भाव, देणाऱ्याचा हात सैल. आता बीड जिल्ह्यातल्या पाटोदा किंवा आष्टी तालुक्यातली वाडी डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीनंतर अर्धी वाडी ऊसतोडीला जाते, ती थेट उन्हाळ्यात परत येते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची मारामार, तिथे घरटी पाचशे कोण देणार? नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी पाड्यावर कोणाकडे मागणार? लोकसहभागावर शाळा चालवायच्या ठरवल्या तर सधन गावाची शाळा चकाचक होते आणि गरिबाची गळकीच राहते. सरकारी शाळा असते ती नेमका हा फरक मिटवण्यासाठी.

शिवाय ‘ऐच्छिक’ वर्गणी गावात किती ऐच्छिक असते, हे आपण दोघेही जाणतो. ज्याने दिली नाही त्याचं नाव वाचलं जातं. प्रवेशाच्या वेळी शाळेने देणगी किंवा वर्गणी घेणं तर कलम १३ प्रमाणे गुन्हा आहे.

एकशिक्षकी
मी शिक्षक आहे, दोन वर्गांत चार इयत्ता सांभाळतो. माळरान सरांचं म्हणणं मला पटतं, पण ते अर्ध्यावर थांबतात. पैसा मंजूर होणं आणि तो शाळेला वापरता येणं यात मोठं अंतर आहे.

आता शाळेच्या खात्यात पैसे जमा होत नाहीत, पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर ‘लिमिट’, म्हणजे खर्चाची मर्यादा येतं. आमच्याकडे ते बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. मग दुकानदाराचं बिल घ्या, व्हेंडर नोंदवा, पीपीए म्हणजे बँकेला द्यायचा पेमेंटचा कागद काढा, अध्यक्षांची सही घ्या, बँकेत जा. ३१ मार्चला लिमिट परत. जूनमध्ये गळणारं छप्पर मार्चच्या पैशातून दुरुस्त करायचं! तोपर्यंत वर्षभराचं वीजबिल शिक्षकाच्या खिशातून. प्राथमिक शाळेला शिपाई नाही, क्लार्क नाही. पोषण आहाराची भाजी आणि इंधनसुद्धा आधी आम्हीच घेतो, पैसे मागून येतात.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना कोणी सांगत नाही. वार्षिक योजना तयार होते ती यू-डायसच्या, म्हणजे प्रत्येक शाळेने दरवर्षी सरकारला भरून द्यायच्या माहितीवरून. त्या फॉर्मात ‘मुलींचे स्वच्छतागृह: आहे, वापरात आहे’ असं भरलं की विषय संपला. दार नसलं, पाणी नसलं, तरी ‘वापरात आहे’ लिहायचा दबाव असतो, कारण ‘नाही’ लिहिलं की खुलासा मुख्याध्यापकालाच विचारतात. समितीने आराखड्याआधी यू-डायसचा फॉर्म मागून वाचावा. ओळ न् ओळ.

हिशेबनीस
मी वेगळं बोलणार आहे. शाळांना पैसा कमी पडतो, हे अर्धसत्य आहे. शिक्षणावरच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा वेतनाचा असतो. एवढा खर्च होऊनही पालक मुलांना गावातून पिवळ्या बसने बारा किलोमीटर लांबच्या इंग्रजी शाळेत पाठवतात, दहा-वीस हजार फी भरून. ते पत्रे गळतात म्हणून जात नाहीत. चौथीच्या पोराला धडा वाचता येत नाही म्हणून जातात. पालकांच्या संघटनेने आधी वाचन-गणिताचा जाब विचारावा, निधी नंतर मागावा. जाब न विचारता आणलेला पैसा फरशी आणि रंगरंगोटीत जातो.

एकशिक्षकी
जाब जरूर विचारा, मी उत्तर देईन. पण साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे कायद्याच्या परिशिष्टात आहे आणि माझ्या शाळेत एक जागा रिकामी आहे. मी बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलो की शाळा अंगणवाडी ताईंच्या भरवशावर. वेतनाचा वाटा मोठा म्हणता, तर ते वेतन ज्याला मिळायला हवं तो माणूसच वर्गात नाही. रिक्त जागा भरा ही मागणीसुद्धा निधीचीच आहे, आणि वाचन सुधारायचं तर पहिली मागणी तीच हवी.

हिशेबनीस
रिक्त जागेचा मुद्दा मान्य. पण मग मागणीपत्रात ती पहिल्या क्रमांकावर लिहा, पत्रे नंतर. आणि मागच्या तीन वर्षांत किती अनुदान आलं, कशावर गेलं, त्याचा तक्ता शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा. स्वतःचा हिशेब उघडा ठेवणारा माणूस वरच्याला हिशेब विचारू शकतो.

रुक्मिणी
मी समितीत आहे. बैठकीत आम्ही बायका मागच्या बाकांवर, चहा आला की विषय संपलेला असतो. पण स्वच्छतागृहाचं दार नाही म्हणून सातवीची मुलगी दुपारी घरी येते, हे आम्हालाच माहीत असतं. पुरुष सदस्यांना ते कधीच कळलेलं नाही. गावकी दादा, मी वर्गणीच्या विरोधात नाही. दार मी उद्या बसवीन, माझ्या बचत गटातून. तेवढ्यासाठी मुलींनी वर्षभर थांबू नये. पण दार बसवलं म्हणून फॉर्मात ‘गरज नाही’ असं लिहू देणार नाही. पाणी, टाकी, सफाई करणारी व्यक्ती हे सगळं आराखड्यात जाईल. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही शाळा घालता येते, त्यासाठी ग्रामसभेत आम्ही बायका एकदम जाऊ. ठरावात नेमकं काय लिहायचं तेवढं सांगा.

गावकी
ताई, असं असेल तर माझी हरकत नाही. तातडीचं गावाने करावं, पण खर्चाची पावती जोडून तो आकडा मागणीत लिहावा.

माळरान
ताई, ठरावात चार गोष्टी येऊ द्या: गरज काय, तिचा अंदाजे खर्च किती, सध्या ती कोण कशी भागवतंय, आणि कलम २२ प्रमाणे ही मागणी वार्षिक योजनेत घ्यावी ही विनंती. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक तुमच्या मतदारसंघाच्या जिल्हा परिषद सदस्यांना, सदस्य नसतील तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. पोच घ्याच.

एकशिक्षकी
फक्त एक सांभाळा, ताई. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, पण ते जिल्हा परिषदेचे नोकरही असतात. आराखड्यावर त्यांची सही लागते, ती ते करतील. सोबतचं मागणीचं पत्र मात्र अध्यक्षांच्या सहीने आणि खाली पालकांच्या सह्यांनी जाऊ द्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात खुलासा द्यायला तेच उभे असतील.