पोस्टकार्डाला जिल्हा दंडाधिकारी, मोबाइलला ठाणेदार?

कागदी_घोडा
1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 94 वाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 मध्ये 'दस्तऐवज किंवा अन्य वस्तू' एवढंच होतं. आता इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्क साधनंही नाव घेऊन आली. तपासासाठी 'आवश्यक किंवा इष्ट' वाटलं की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश पुरतो. लगेच पुढचं कलम 95 पाहा. टपाल खात्याच्या ताब्यातलं पाकीट हवं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयाचा आदेश लागतो. चार ओळींच्या पोस्टकार्डाला एवढा मान, आणि माणसाचं सगळं आयुष्य ज्यात आहे त्या फोनला नाही?

मुद्देमाल
फोन आधीही जप्त होतच होते, 'अन्य वस्तू' म्हणून. नव्या कायद्याने उलट लगाम घातलाय. कलम 105 नुसार झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा तिचा आकडे-अक्षरांचा ठसा) लिहावा लागतो, शिवाय भाग 'ब'वर तज्ज्ञाची सही. आणि वेळेचं काय? आपोआप मिटणारे मेसेज 24 तासांतही जाऊ शकतात, फोन दुरून पुसता येतो. शनिवारी रात्री आदेशासाठी कुणाचं दार वाजवायचं?

कागदी_घोडा
वाट पाहा असं म्हणतंय कोण? फोन घेणं वेगळं, फोन वाचणं वेगळं. घ्या की! विमान मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथ बंद झालेत का ते वेगळं तपासा, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा. आत पॉवर बँक जोडा, कारण विमान मोड लागला नसेल तर नेटवर्क शोधत राहिलेला फोन बॅटरी भराभर खातो. फोन बंद पडू देऊ नका. पुन्हा सुरू झाल्यावर पासकोड टाकेपर्यंत बहुतेक माहिती कुलूपबंदच राहते. एवढं झालं की दुरून पुसलं जाण्याची भीती संपली (आपोआप मिटणाऱ्या मेसेजचं घड्याळ मात्र आत चालू राहू शकतं). वाचायला न्यायालयाचा आदेश आणा.
टपालाबाबत कायदा हेच करतो. कलम 95 (2) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा अधीक्षक पाकीट रोखून ठेवायला लावू शकतात, पण ते हाती मिळतं वरच्या आदेशानेच.

मुद्देमाल
95 (2) चा मुद्दा मान्य. पण 'अमुक तारखांचेच मेसेज वाचा' असा आदेश आला, तरी प्रत काढणारी साधनं सहसा सापडेल तेवढं सगळं उचलतात. गाळणी नंतर लागते.

तिसरा_पंच
मग मर्यादा त्या गाळणीवर घाला: कोणतं ॲप, कोणता काळ, कोणते क्रमांक, आणि कोणी काय शोधलं याची नोंद. 105 चं चित्रण जप्तीचं असतं. लिफाफ्याला लाख लागल्यावर प्रयोगशाळेत काय उघडलं, ते त्यात दिसत नाही.
हॅशचंही तसंच. चालू मोबाइलची दोनदा प्रत काढली तर बहुधा दोन वेगळे हॅश येतात, कारण मधल्या वेळात आतल्या नोंदी बदलतात. म्हणून हॅश फोनचा नव्हे, काढलेल्या प्रतीच्या फाइलचा घ्यायचा, तोही लगेच. 63 चं प्रमाणपत्र पुरावा सादर करताना लागतं. जप्ती आणि सादरीकरण यांमधल्या काळात कुणी फोन चाळला, तर प्रमाणपत्र बिनचूक असूनही ते त्यात येणार नाही.

मुद्देमाल
आणि आरोपीने पासकोडच दिला नाही तर? आदेश घेऊन काय पूजा करायची?

तिसरा_पंच
इथे न्यायालयांचंच एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं म्हटलं. दिल्लीतल्या सीबीआय विशेष न्यायालयाने 2022 मध्ये उलट सांगितलं: पासवर्डची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 (3) मुळे (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही) करता येणार नाही, बोटाच्या ठशाची मात्र चालेल. म्हणजे तिथे एकाच फोनला बोटाने उघडलं तर एक नियम, आकड्यांनी उघडलं तर दुसरा.