मदत हवी आहे: संरक्षित सायकल मार्गिकेवर वितळून पुन्हा गोठणारा बर्फ, पालिकेकडे नेमके काय मागावे?

नमस्कार मंडळी,

मी कॅनडाच्या दक्षिण ओंटारिओतील एका मध्यम आकाराच्या शहरात राहते आणि बाराही महिने सायकलने कामावर जाते. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला येथे गाऱ्हाणे मांडायचे नसून उपाय समजून घ्यायचा आहे. पुढच्या महिन्यात आमच्या पालिकेच्या वाहतूक समितीपुढे रस्त्यांच्या हिवाळी देखभालीचा विषय येणार आहे आणि त्या वेळी नागरिकांना प्रत्येकी पाच मिनिटे बोलता येते. त्या पाच मिनिटांत "सायकल मार्गिका नीट साफ करा" एवढेच म्हणून मी खाली बसले, तर अध्यक्ष मान डोलावतील, आभार मानतील आणि पुढचा विषय पुकारतील. म्हणून ज्यांना अशा थंड शहरांत राहण्याचा, सायकल चालवण्याचा किंवा रस्तेबांधणीचा अनुभव आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

आधी रस्त्याची रचना सांगते. पदपथाच्या कर्बला (उंच काठाला) लागून एकेरी सायकल मार्गिका आहे, तिच्या डाव्या हाताला काँक्रीटचा बुटका दुभाजक आणि त्यावर ठरावीक अंतराने प्लास्टिकचे लवचिक खांब आहेत, आणि त्यापलीकडे मोटारींची लेन आहे. उन्हाळ्यात ही व्यवस्था उत्तम चालते. (पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर उभ्या दुचाक्या आणि पाणीपुरीच्या गाड्या चुकवत शिकलेल्या माणसाला तर ती चैनच वाटते.) हिवाळ्यात मात्र जो दुभाजक मोटारींपासून आमचे रक्षण करतो, तोच अडचणीचे मूळ होतो.

हिम पडते त्या दिवशी फारसा त्रास होत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. चार-पाच सेंटिमीटर ताजे, कोरडे हिम असेल तर टायरला पकड मिळते आणि वेग आपोआप कमी होतो. खरी भीती दोन-तीन दिवसांनी सुरू होते. मोठा प्लाऊ (हिम ढकलणारे वाहन) मोटारींच्या लेनमधले हिम उजवीकडे ढकलतो, मार्गिकेतला छोटा ट्रॅक्टर आपले हिम डावीकडे ढकलतो, आणि दोन्हीकडचा ढीग दुभाजकावर साचतो. मग ऊन पडते आणि तापमान शून्याच्या वर दोन अंश जाते. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून रस्त्याला कर्बच्या दिशेने उतार दिलेला असतो, त्यामुळे ढिगातून वितळलेले पाणी मार्गिका आडवी ओलांडून कर्बजवळच्या जाळीकडे निघते. ती जाळीच हिमाखाली गाडलेली असल्याने पाणी तुंबते. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, रात्री पारा उणे सहा-सातवर उतरतो आणि सकाळी तेथे काचेसारखा गुळगुळीत थर तयार असतो. त्यावर पहाटे हिमाची भुरभुर झाली, की तो दिसतही नाही. आदल्या संध्याकाळी रबरबाटातून (अर्धवट वितळलेल्या हिमाच्या चिखलातून) गेलेल्या चाकांच्या खुणा तशाच गोठून दगडासारख्या कडक चऱ्या होतात. पुढचे चाक त्यात अडकले, की हँडल फिरवण्याचा काही उपयोग होत नाही.

मीठ टाकले जाते, नाही असे नाही, पण मोटारींच्या लेनमध्ये जे मीठ तासाभरात काम करते, तेच आमच्या मार्गिकेत दुपारपर्यंत जसेच्या तसे पडलेले दिसते. वाकून पाहिले तर प्रत्येक खड्याने आपल्यापुरते भोक पाडलेले असते आणि मधला बर्फ शाबूत असतो. शेकडो मोटारींची चाके मीठ चिरडून रबरबाटात घुसळतात, तशी घुसळण सायकलींच्या हलक्या चाकांनी होत नाही, असा माझा अंदाज आहे. शिवाय उणे नऊ-दहा अंशांच्या खाली साधे मीठ फार मंदपणे काम करते, हे तर आता येथे सर्वांनाच ठाऊक आहे.

नियमांचेही थोडे वाचन केले. ओंटारिओत पालिकांच्या रस्त्यांसाठी किमान देखभालीचे 239/02 क्रमांकाचे विनियम आहेत आणि 2018 मध्ये त्यांत सायकल मार्गिकांवरील हिमाचे कोष्टक घातले गेले. (रस्त्यांचे वर्ग वाहतूक आणि वेगमर्यादेनुसार ठरतात.) तिसऱ्या वर्गाच्या रस्त्यावर मोटारींच्या लेनमधले हिम, ते पडायचे थांबल्यावर 12 तासांत 8 सेंटिमीटर खोलीपर्यंत कमी करावे अशी मर्यादा आहे. त्याच रस्त्यावरील सायकल मार्गिकेसाठी खोली तेवढीच, पण मुदत 24 तास आहे. दुप्पट मुदतीचे मला एवढे वाईट वाटत नाही. मला खटकते ते हे, की हे कोष्टक हिमाची खोली मोजते आणि आमचा प्रश्न अर्ध्या सेंटिमीटरच्या बर्फाचा आहे. कोष्टकाच्या हिशेबात आमची मार्गिका बहुतेक वेळा उत्तीर्णच असते.

माझा पहिला प्रश्न असा, की ज्या शहरांत पारा आठवड्यातून दोनतीनदा शून्य ओलांडतो, तेथे ही वितळण्या-गोठण्याची अडचण कशी सोडवली जाते? फिनलंडमधील औलूचे उदाहरण सगळीकडे दिले जाते (हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही 2013 मध्ये तेथेच भरली होती). पण तेथे थंडी सलग टिकते, हिम दाबून घट्ट केले जाते आणि त्यावर बारीक खडी टाकतात. आमच्याकडे दाबलेले हिम चार दिवसही टिकणार नाही, त्यामुळे तो दाखला समितीपुढे दिला तर एखादा जाणकार सदस्य लगेच खोडून काढील. दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. मार्गिका अशी गोठलेली असताना तिच्यातूनच जपून जावे, की सरळ मोटारींच्या लेनमध्ये यावे? घरी यावरून रोज वाद होतो आणि सासूबाईंचे मत "बस आहे की" असे आहे. तेही चूक नाही, पण माझी कामाची पाळी सकाळी सातची आहे आणि पहिली बस त्यानंतर पोहोचते.

प्रतिसाद, माँट्रियलहून

ताई, तुमचे निदान अचूक आहे, आणि त्यातच उत्तरही आहे. हिम बाजूला ढकलणे आणि हिम उचलून नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्याकडे साधारण 10 ते 15 सेंटिमीटर हिम साचले, की ते ट्रकमध्ये भरून नेण्याची मोहीम सुरू होते. त्यासाठी रस्त्याकडेला तात्पुरते 'गाडी उभी करू नये'चे नारिंगी फलक लागतात, भोंगे वाजतात आणि न हललेल्या गाड्या ओढून नेल्या जातात. ते हिम फ्रँकॉनच्या जुन्या दगडखाणीसारख्या ठिकाणी नेऊन टाकतात. सेंट-डेनिस रस्त्यावर 2020 मध्ये सुरू झालेली संरक्षित मार्गिका हिवाळ्यातही वापरता येते, त्यामागे हे उचलणे फार मोठे कारण आहे, असे माझे मत आहे. ढीगच राहिला नाही, तर वितळून वाहणार काय?

मात्र उचलणे महाग असते आणि तुमची पालिका "पैसे नाहीत" हे पहिल्या मिनिटाला सांगेल. म्हणून सगळ्या शहरासाठी मागू नका. दुभाजक असलेल्या दोन-तीन मुख्य मार्गिकांपुरते मागा, आणि तेही पारा शून्याच्या वर जाण्याचा अंदाज असेल त्याच्या आदल्या दिवशी. मुदत हिम थांबल्यापासून मोजण्याऐवजी पुढच्या वितळण्यापासून मागे मोजली, तर त्याच पैशांत जास्त काम होते. आणि जाळ्या! कर्बवर रंगाची खूण करून प्रत्येक जाळीभोवतीची जागा आधी मोकळी करायला सांगा. एक माणूस आणि एक फावडे एवढाच त्याचा खर्च आहे.

प्रतिसाद, स्टॉकहोमहून

मिठाबद्दलचा आपला अंदाज बरोबर आहे. येथे मुख्य सायकल मार्गांवर वेगळी पद्धत वापरतात. छोट्या यंत्राच्या पुढच्या बाजूला फिरता ब्रश असतो आणि मागच्या बाजूने मिठाचे पाणी फवारले जाते. ब्रश पृष्ठभाग जवळजवळ कोरडा करतो, त्यामुळे मिठाला वितळवण्यासारखे फार काही उरत नाही. मागचे द्रावण फक्त उरलेला ओलावा गोठू देत नाही. वाहनांच्या चाकांची घुसळण लागतच नाही. साधारण 23 टक्क्यांचे द्रावण उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही, पण रस्त्यावर ते पातळ होत जाते, म्हणून फार कडक थंडीत याच्यावर विसंबता येत नाही. आणखी एक अट अशी, की यंत्र हिम पडत असतानाच फिरू लागले पाहिजे. एकदा चाकांनी आणि पावलांनी हिम दाबले गेले, की ब्रश वरून नुसता फिरत राहतो.

आपल्या हवामानाला औलूपेक्षा ही पद्धत जवळची आहे. तोटाही सांगतो: सायकलची साखळी एका हंगामात गंजते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन, पुसून जाड तेल लावावे लागते. समितीपुढे बोलताना मार्गिकेची सर्वांत अरुंद जागा मोजून न्या. दुभाजकापासून कर्बपर्यंत यंत्र मावत नसेल, तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

प्रतिसाद, ओंटारिओतूनच

मी वकील नाही, पण एका अपघातानंतर हे सगळे निस्तरले आहे, म्हणून लिहितो. त्याच विनियमांत पालिकेला 'लक्षणीय हवामान घटना' जाहीर करण्याची मुभा आहे. ती जाहीर असेपर्यंत हिमाबाबतच्या मुदती मागे पडतात. त्यामुळे समितीला दाखवायला नोंदी आणि छायाचित्रे ठेवत असाल, तर अशी घोषणा कोणत्या दिवशी होती हेही लिहा, नाहीतर ती एका वाक्यात बाद होतील. दुसरे असे, की पडून दुखापत झाली आणि पालिकेवर दावा करायचा असेल, तर साधारणपणे दहा दिवसांच्या आत पालिकेच्या लिपिकाला जागा आणि वेळ नमूद करून लेखी सूचना द्यावी लागते. फोनवर नोंदवलेली तक्रार म्हणजे ती सूचना, असे गृहीत धरू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: सायकल मार्गिका असली म्हणून तिच्यातूनच जावे अशी सक्ती आपल्या प्रांताच्या वाहतूक कायद्यात नाही. मोटारीने सायकलला ओलांडताना शक्य तेथे किमान एक मीटर अंतर ठेवावे, असा नियम 2015 पासून आहे. म्हणून बर्फ दिसल्यावर ऐन वेळी दुभाजकाच्या फटीतून बाहेर पडण्याऐवजी आधीच्या चौकातूनच मोटारींच्या लेनमध्ये या, आणि तेथे कडेला न चिकटता लेनच्या मध्याजवळून चालवा. स्टडेड टायर (बर्फावर पकडीसाठी धातूचे खिळे बसवलेले) अजून लावले नसतील तर आधी ते लावा. एकच परवडत असेल तर पुढच्या चाकाला. मागचे चाक सरकले तर सावरता येते, पुढचे सरकले तर क्वचितच.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. टायर दोन्ही चाकांना लावलेले आहेत. त्यांची पकड सपाट बर्फावर चांगली आहे, मात्र गोठलेल्या चऱ्यांत त्यांचाही इलाज चालत नाही. आज फीत घेऊन मोजले: बस थांब्याजवळ मार्गिका 1.4 मीटरच आहे, इतरत्र 1.8 मीटर.

निवेदनात आता तीनच मागण्या ठेवते. दोन मुख्य मार्गिकांवरील दुभाजकाचे ढीग पुढच्या वितळण्याआधी उचलावेत. कर्बवर खुणा करून जाळ्या आधी मोकळ्या कराव्यात. आणि एका मार्गिकेवर एक हंगाम ब्रश व मिठाच्या पाण्याचे यंत्र चालवून पाहावे. घोषणांच्या तारखा नोंदवहीत लिहायला सुरुवात केली आहे.

स्टॉकहोमकरांना एक विचारायचे राहिले. 1.4 मीटरच्या जागेतून जाणारे ब्रशचे यंत्र तेथे प्रत्यक्ष वापरात आहे का, की अशा ठिकाणी माणसे हातानेच झाडतात? यंत्र जात नसेल, तर तिसऱ्या मागणीसाठी मला दुसरी मार्गिका निवडावी लागेल, आणि निवेदन येत्या शुक्रवारपर्यंत लिपिकांकडे द्यायचे आहे.