मदत हवी आहे: बॅगिंग काट्यासाठी डीन रेल एसएमपीएस (पॅनेलातल्या पट्टीवर बसणारा डीसी पॉवर सप्लाय) एकच मोठा घेऊ की दोन वेगळे?

नमस्कार मंडळी, कळमन्याला आमची दालमिल आहे, तिथल्या ३० किलोच्या बॅगिंग मशीनचा काटा दुपारचा नाचायला लागलाय. सकाळी एकदम बरोबर, पण पॅनेल तापलं की रिकामं हॉपर असतानाच २०-३० ग्रॅम वरखाली, आणि गेटचे तिन्ही व्हॉल्व्ह एकदम पडले की कधीकधी इंडिकेटर (वजन दाखवणारा डिस्प्ले) चक्क बंद होऊन परत चालू होतो. पत्र्याचं शेड अन् नागपूरचा मे, जास्त काय सांगू. पॅनेलात २४ व्होल्ट ५ अँपिअरचा एकच एसएमपीएस, त्याच्यावरच पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), इंडिकेटर, व्हॉल्व्हच्या सोलेनॉइड कॉइल सगळं. वायरमन म्हणतो १० अँपिअरचा टाका, विषय मिटला. काटेवाला म्हणतो लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) बदला (त्याला विकायचाच आहे म्हणा), पण मग कॅलिब्रेशन, काट्याचं सरकारी स्टॅम्पिंग, भर सीझनमध्ये कोण करत बसेल?

पॅनेलवाला_बुटीबोरी:
भाऊ, काट्याचं सील तोडू नका आधीच. तुमचा एकूण लोड दीड-दोन अँपिअरच्या वर जात नसेल, १० चा टाकून काय होणार? लोडसेलला १० व्होल्ट एक्सायटेशन (पुरवठा), २ मिलिव्होल्ट पर व्होल्टचा १०० किलोचा सेल धरा, तर पूर्ण वजनाला २० मिलिव्होल्ट, म्हणजे १० ग्रॅमला फक्त २ मायक्रोव्होल्ट. त्याच लाइनीवर सोलेनॉइड खटाखट पडतायत तर काटा नाचणारच ना. इंडिकेटरला वेगळा छोटा एसएमपीएस द्या, एक-दीड अँपिअरचा पुरे, व्हॉल्व्ह जुन्यावरच राहू द्या आणि प्रत्येक कॉइलला उलटा डायोड (कॉइल बंद होतानाचा झटका गिळायला) आहे का बघा. लोडसेलच्या केबलची शील्ड (तारांवरची जाळी) एकाच टोकाला अर्थ हवी.

हिंगणा_इलेक्ट्रिशियन:
वरचं बरोबर आहे, पण दुपारीच का होतं हे कोणी बोललंच नाही. बरेच एसएमपीएस ५० डिग्रीपर्यंतच पूर्ण लोड देतात, पुढे कमी करावं लागतं, डेटाशीटमध्ये डिरेटिंगचा ग्राफ असतो तो बघा. बाहेर ४५ असेल तर बंद पॅनेलात ५५-६० सहज. शिवाय आतला कपॅसिटर उष्णतेने मरतो, दर १० डिग्रीला आयुष्य अर्धं असं ढोबळ धरतात, तो सुकला की रिपल (डीसीतली लहर) वाढतो आणि झटका बसला की व्होल्टेज पडतं. डाळीच्या भुश्याने जाळ्या बुजल्यात का? एसएमपीएस ड्राइव्हच्या (मोटरचा स्पीड कंट्रोलर) डोक्यावर बसवलाय का? वर-खाली हवेला जागा लागते, आडवा लावला तर अजून तापतो.

धागाकर्ता:
ड्राइव्हच्या बरोबर वरच आहे बावा 🙈 आणि जाळीवर बोटभर भुसा. मीटर कुठे लावू?

पॅनेलवाला_बुटीबोरी:
इंडिकेटरच्या टर्मिनलवर, एसएमपीएसवर नाही. मिन-मॅक्स मोड लावून दुपारी व्हॉल्व्ह मारा, पण मीटर हळू असतो, फार छोटा डिप सुटू शकतो. त्यापेक्षा एक दुपार इंडिकेटर दुसऱ्या २४ व्होल्टवर चालवून पाहा, कोणाकडून मागून आणला तरी चालेल. नाचणं थांबलं तर लोडसेलचे पैसे वाचले. इंडिकेटरचं आउटपुट ड्राय रिले (स्वतःचं व्होल्टेज नसलेला नुसता कॉन्टॅक्ट) असेल तर दोन्हींचे मायनस जोडायची गरज नाही, ट्रान्झिस्टर आउटपुट असेल तर एकाच ठिकाणी जोडा. मॉडेल टाका, बघून सांगतो.