मदत हवी आहे: वाडीतल्या पेरूचा बुंधा फिशटँकमध्ये ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धनजवळ आमच्या वाडीत आजोबांनी लावलेला पेरू होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माडा-पोफळींबरोबर तोही आडवा झाला. बरंचसं लाकूड चुलीत गेलं, पण मुळाजवळचा एक वाकडातिकडा तुकडा बाबांनी गोठ्याच्या आडोशाला ठेवून दिला होता. गणपतीत गेलो तेव्हा तो दिसला आणि पुण्याला घेऊन आलो. दीड फूट लांब, तीन फाटे, मधल्या फाट्याखाली मासे सहज ये-जा करतील एवढी पोकळी. तो टाकीत ठेवायची मनापासून इच्छा आहे.

टाकी २४ × १२ × १५ इंच, म्हणजे साधारण ७० लिटर. त्यात १० निऑन टेट्रा, ४ कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे, थोडक्यात ‘कोरी’) आणि थोड्या रॅम्सहॉर्न गोगलगाई आहेत. घाई करायची नाही, कारण मागच्या वर्षी एका दुकानातून ‘तयार’ म्हणून आणलेलं लाकूड चार महिन्यांत आतून भुसभुशीत झालं. बाहेर काढलं तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला, आणि तोवर दोन कोरी गेल्या होत्या.

आतापर्यंत एवढंच केलंय: माती ब्रशने काढली आणि तीन आठवडे पिंपात दगडाखाली बुडवून ठेवलंय, दर दोन दिवसांनी पाणी बदलतोय. पहिल्या आठवड्यात पाणी कोऱ्या चहासारखं व्हायचं, आता फिकट पिवळं होतं. पण दगड काढला की तुकडा अजून वर येतो. कालपासून फाट्यांच्या टोकांना पांढरा बुळबुळीत थर धरलाय. खालच्या टोकाला दोनेक इंच भागात अंगठ्याचं नख रुततं, बाकी लाकूड टणक आहे.

उकळणं गरजेचं आहे का? तुकडा मावेल असं घरात आजीचं तांब्याचं घंगाळच आहे, त्यात उकळला तर चालेल ना? आणि तरंगायचा थांबत नसेल तर शहाबादी फरशीच्या तुकड्यावर स्क्रूने बसवावा म्हणतोय. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

पेरू उत्तम. लाकूड घट्ट असतं, चीक नाही. (आंबा, फणस, काजू, रुई यांच्या वाटेला जाऊ नये, आणि कण्हेर तर विषारीच.) पाच वर्षं वाळलेलं आहे हेही चांगलं, ओल्या लाकडातला रस पाण्यात उतरून पाणी नासवतो.

नख रुततं तो भाग करवतीने कापून टाका, आणि टणक लाकूड लागल्यावरही आणखी अर्धा इंच आत जा. तुमच्या मागच्या लाकडाचं बहुधा हेच झालं असावं. मऊ लाकूड आतून कुजतं, वाळूत रुतलेल्या भागाला हवा मिळत नाही आणि तिथे तो अंड्याचा वास तयार होतो. तो वायू माशांना घातक असतो. म्हणून बुंधा वाळूत खोल पुरू नका, नुसता टेकवा.

घंगाळ मात्र अजिबात नको! गोगलगाईंना तांबं अगदी थोडंसुद्धा मारक असतं, कोरीही नाजूकच. स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं बघा, मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतं. पूर्ण मावत नसेल तर अर्धा अर्धा उकळा, प्रत्येक बाजू दोन तास. त्याहून जास्त नको, तंतू सुटायला लागतात. उकळल्याने कीड आणि वाळवीची अंडी मरतात, शिवाय आतली हवा निघून जाते, त्यामुळे तुकडा लवकर बुडतो. साबण किंवा डिटर्जंट लावू नका, लाकूड ते शोषून घेतं.

शहाबादीही नको, कडप्पाही नको. दोन्ही चुनखडीचे दगड, पाण्यात हळूहळू क्षार सोडतात आणि निऑनना मऊ पाणी लागतं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड घ्या. खात्री करायची तर दगडावर ओरखडा काढून व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे आले की तो बाद.

प्रतिसाद २

पांढऱ्या थराला घाबरू नका. लाकडातल्या साखरेवर वाढणारी बुरशी आणि जिवाणू असतात ते, जुन्या टूथब्रशने घासून काढा. टाकीत गेल्यावर परत येईल, गोगलगाई खातील आणि काही आठवड्यांत जाईल. पिवळं पाणीही निऑनना आवडतं, त्यांच्या मूळच्या अॅमेझॉनच्या ओढ्यांचं पाणी तसंच असतं. बदामाची वाळकी पानं टाकतो ती त्याचसाठी.

प्रतिसाद ३

मी दापोलीकडचा, म्हणून एक विचारतो. पेरू पोफळींच्या खाली होता का? पावसाआधी पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो फवारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, मोरचूद म्हणजे तांबंच. खालच्या झाडांवर ते वर्षानुवर्षं ठिबकतं. घंगाळ टाळाल आणि सालीतून तांबं टाकीत न्याल. घरी विचारून घ्या.

धागाकर्ता

प्रतिसाद ३, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लगेच बाबांना फोन केला. पेरू दोन पोफळींच्या मधोमध होता आणि वादळाच्या आदल्या वर्षापर्यंत दरवर्षी फवारणी व्हायची. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता साल आणि फटीतली माती चाकूने पूर्ण खरवडून काढतो, मऊ टोक कापतो आणि भाड्याच्या पातेल्यात उकळतो. मग टाकीत न टाकता बादलीत ठेवून त्यात गोगलगाई सोडून बघावं का? किती दिवस थांबू?

प्रतिसाद ३

तसंच करा. निदान एक आठवडा, मधे पाणी बदलू नका. गोगलगाई शंखात आक्रसून तळाशी पडल्या तर लगेच काढा आणि तो तुकडा घरात शोभेला ठेवा, टाकीत नको.

धागाकर्ता

कळवायला उशीर झाला. साल काढल्यावर आतलं लाकूड तांबूस, गुळगुळीत निघालं. दोन्ही बाजू उकळल्या, तरी बुडायला आणखी अकरा दिवस लागले. रविवारी बादलीत तीन गोगलगाई सोडल्या. आज सहावा दिवस. तिन्ही मधल्या फाट्यावर चढून पांढरा थर खात आहेत आणि एकीने पोकळीच्या कडेला अंडी घातली आहेत. आणखी आठवडाभर थांबतो, मगच टाकीत. काळा दगड मिळालाय, व्हिनेगरने तपासला, बुडबुडे नाहीत. फाट्यावर अनुबियास (पाण्यात वाढणारी वनस्पती) बांधायचं आहे, दोरा साधा सुती चालेल का तेवढं सांगा.