मदत हवी आहे: बुप्रोपिऑनच्या रेणूत टर्ट-ब्युटिल गटाचे नेमके काम काय?

नमस्कार,

औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासात बुप्रोपिऑन या नैराश्यविरोधी औषधापाशी मी अडलो आहे. प्रश्न मात्रेचा किंवा सेवनाचा नाही, केवळ रचनेचा आहे.

हा रेणू कागदावर काढला की तो कॅथिनोनचा, म्हणजे खात या वनस्पतीतील उत्तेजक द्रव्याचा, भाऊबंद असल्याचे लगेच दिसते: बेंझीन वलय, त्याला लागून कीटोन आणि शेजारच्या कार्बनवर मिथिल व नायट्रोजन. फरक दोनच, वलयावर तिसऱ्या स्थानी क्लोरीन आणि नायट्रोजनवर ऐसपैस टर्ट-ब्युटिल गट (एका कार्बनला जोडलेले तीन मिथिल). अ‍ॅम्फेटामाइनशीही हा सांगाडा इतका मिळताजुळता आहे की बुप्रोपिऑन घेणाऱ्याच्या प्राथमिक मूत्रचाचणीत कधीकधी अ‍ॅम्फेटामाइन असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तरीही अ‍ॅम्फेटामाइन चेतापेशीतून डोपामिन हे संदेशवाहक द्रव्य बाहेर काढते, तर बुप्रोपिऑन डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहकांचे पुनर्ग्रहण, म्हणजे पेशीत परत शोषले जाणे, तेवढे रोखते, आणि तेही बेताचेच. नायट्रोजनवरील अवजड गटामुळे रेणू हे पुनर्ग्रहण करणाऱ्या वाहक प्रथिनाला चिकटतो, पण त्यातून पलीकडे जात नाही, हे स्पष्टीकरण मला पटते. यात केवळ आकाराचाच वाटा आहे का?

खरी अडचण पुढे आहे. यकृतातील सीवायपी२बी६ हे विकर याच टर्ट-ब्युटिलच्या एका मिथिलवर हायड्रॉक्सिल बसवते, तो हायड्रॉक्सिल वळून कीटोनच्या कार्बनला जोडला जातो आणि मॉर्फोलीनचे (ऑक्सिजन व नायट्रोजन असलेले) सहा अणूंचे वलय तयार होते. हेच हायड्रॉक्सीबुप्रोपिऑन, ज्याचे रक्तातील प्रमाण मूळ औषधाच्या कित्येक पट असते. दोन कायरल (चार वेगवेगळे गट जोडलेल्या) कार्बनांमुळे चार त्रिमितीय रूपे अपेक्षित असताना प्रत्यक्षात (२आर,३आर) आणि (२एस,३एस) ही दोनच (आर व एस म्हणजे कायरल कार्बनभोवतीच्या दोन उलट मांडण्या) आढळतात व त्यांपैकी दुसरे अधिक प्रभावी ठरते. उरलेल्या दोन रूपांत क्लोरोफेनिल आणि मिथिल वलयाच्या एकाच बाजूस येऊन दाटी होते, म्हणून ती तयार होत नाहीत, असा माझा अंदाज आहे.

मूळ बुप्रोपिऑनची दोन आरसा-रूपे वेगळी केली, तरी कीटोनशेजारचा हायड्रोजन ईनॉलमार्गे (कीटोनच्या तात्पुरत्या, द्विबंध व हायड्रॉक्सिल असलेल्या रूपातून) सुटून पुन्हा जोडला जात असल्याने त्यांचे रॅसेमिक, म्हणजे दोन्ही रूपांचे समप्रमाणात, मिश्रण होते. हायड्रॉक्सीबुप्रोपिऑनचे वलयही शेवटी हेमिकीटलच (कीटोनला अल्कोहोल जोडून झालेली रचना) आहे, म्हणजे ते उघडून कीटोन परत मिळणे तत्त्वतः शक्य आहे. मग त्याची रूपे मूळ औषधापेक्षा अधिक टिकाऊ कशामुळे राहतात? वलयाच्या पाचव्या स्थानावरील (टर्ट-ब्युटिलमधून उरलेले) दोन मिथिल गट वलय मिटलेले ठेवायला मदत करतात का? यंत्रणेची पायरीवार मांडणी कोणी करून दिल्यास मी आभारी राहीन.